लालबाग ते फोर्ट

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. मुलगी दहावीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेत होती, आता फोर्टातल्या कॉलेजात अकरावीला आहे. पहिल्यासारखी बोलत नाही. मैत्रिणींशी फोनवर इंग्रजीत बोलते, मी आत आले की गप्प. त्यांना घरी आणत नाही. ‘बसायला जागा कुठेय?’ म्हणते. मिस्टर म्हणतात, कॉलेज बदलू. ती आमच्यापासून तुटतेय का? – एक आई

उत्तर : कॉलेज बदलू नका, हे आधी सांगते. करी रोडहून सीएसएमटी पाचवं स्टेशन, पण तुमची लेक रोज त्याहून कितीतरी लांब जाऊन येते. वर्गात हात वर करण्याआधी वाक्य मनात जुळवायचं, कॅन्टीनमध्ये भाव बघून मागवायचं, ‘राहतेस कुठे?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवायचं. आणि संध्याकाळी चाळीचा जिना चढताना पुन्हा पूर्वीचीच पोर व्हायचं. दमते हो ती. मला तरी या गप्प बसण्यात दुरावा कमी आणि थकवा जास्त दिसतो.

युरी ब्रॉन्फेनब्रेनर हे मानसशास्त्रज्ञ मॉस्कोत जन्मले आणि सहाव्या वर्षी अमेरिकेत आले. १९७९ मध्ये त्यांनी मांडलं, की एका जगातून दुसऱ्यात जाण्याने माणसाच्या वाढीला चालना मिळते. मात्र नव्या जगात पहिलं पाऊल एकट्याने पडू नये आणि दोन्हीकडे ये-जा असलेली माणसं सोबत असावीत. तुमच्याकडे नेमकं इथेच अडलंय. कॉलेज आणि घर दोन्ही ठाऊक असलेली ती एकटीच आहे.

म्हणून तिला विचारून एकदा तिच्याबरोबर कॉलेजला जा. तिचा वर्ग, लायब्ररी बघा. गणपतीत मैत्रिणींना बोलवा, लालबागला यायला त्या एका पायावर तयार होतील! दर्शनाच्या गर्दीतून आलेल्या मुली खोली केवढी आहे हे बघत नाहीत, आधी पाणी मागतात.

मिस्टरांना सांगा, इंग्रजीवरून टोमणे नकोत. स्थलांतरितांचा अभ्यास करणाऱ्या कॅनडाच्या जॉन बेरींना दिसलं, की आपलं जपून नवं घेणारी माणसं बहुधा जास्त सुखात असतात. तिला दोन्हीतलं एक निवडायला लावू नका.

झोप-जेवण बिघडलं किंवा ती लेक्चर बुडवू लागली, तर मात्र थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.