विहिरीखालच्या सात ओळी

प्रिय मित्रा,

तुझी बारा पानं पाहिली. शाईतली ती विहीर, तिच्या काठाकाठाने खाली उतरत गेलेली कविता आणि कोपऱ्यात कोरं सोडलेलं पांढरं. बराच वेळ पाहत राहिले. मग नजर खाली गेली आणि तुझा राग आला. खाली सात ओळी: विहीर म्हणजे आजी, पांढरं म्हणजे तिचं न बोलणं, काठ म्हणजे घर. कुणी मागितलं होतं हे तुझ्याकडे?

हो, मागितलं होतं, तू तसं लिहिलंयस. लोक चित्रांना दाद देतात, कविता कुणी वाचत नाही, एकाने 'याचा अर्थ काय?' असं विचारलं, म्हणून तू खुलासा जोडलास. आणि आता विचारतोस, कविता काढून टाकू का, की चित्रं वेगळी आणि कविता वेगळ्या मांडू. काम चांगलं आहे, करत राहा, असलं काही मी लिहीत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे. एकच सांगते. खुलासा करू नकोस.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी चारही दिवस दालनात उभी होते. दुसऱ्या दिवशी एक बाई एका लहानशा चित्रापुढे थांबली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली. पिशवी खाली ठेवून चित्र पाहणारं माणूस किती क्वचित भेटतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी लगबगीने तिच्याजवळ गेले आणि सांगू लागले: हे दार, ही माझी आई, हा रंग अमुक म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. "अस्सं होय," म्हणाली, पिशवी उचलली आणि निघाली. पुढच्या एकाही चित्रापाशी थांबली नाही. त्या दारात तिला काय दिसलं होतं? तीस वर्षं झाली, मला ते माहीत नाही. ते कळण्याची एकच वेळ होती आणि ती मी बडबडीत घालवली.

विल्यम ब्लेक तुझ्यासारखाच, कवी आणि चित्रकार. तांब्याच्या पत्र्यावर तो अक्षरं उलटी लिहायचा, आरशात दिसतात तशी, आणि त्याच पत्र्यावर त्यांच्याभोवती चित्र. शब्द आणि रेघ दोन्ही एकदमच कागदावर उतरत. मग तो आणि त्याची बायको कॅथरीन हाताने रंग भरत. 'वेगळं मांडू का' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्र्यावर आहे. पण याच ब्लेकने १८०९ साली भावाच्या दुकानावरच्या खोल्यांत आपली सोळा चित्रं मांडली, आणि सोबत त्यांचं वर्णन करणारी अख्खी पुस्तिका छापली. तिच्यात समजावलं, वाद घातला, इतर चित्रकारांवर तुटून पडला. फारसं कुणी फिरकलं नाही. जे एक परीक्षण छापून आलं, त्यात त्याला वेडा ठरवलं आणि त्या पुस्तिकेवरही तोंडसुख घेतलं. मला ती पुस्तिका आज मोलाची वाटते, पण ती वाचून समोरच्या चित्रात कुणाला जास्त दिसलं असेल, असं वाटत नाही.

आणि रवींद्रनाथ. हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांना आकार सापडले, आणि साठी उलटल्यावर हा कवी चित्रं काढू लागला. १९३० साली पॅरिसला पहिलं प्रदर्शन. दोन हजारांहून जास्त चित्रं, आणि बहुतेकांना साधं नावही नाही. शब्दांवर एवढी हुकमत असलेला माणूस चित्राखाली सहसा शब्द ठेवत नाही, याचा विचार कर.

खुलासा फक्त खालच्या ओळींतच असतो असंही नाही. तुझ्या विहिरीच्या कवितेत 'विहीर' हा शब्दच नाही, म्हणून ते पान उभं राहिलं. चौथ्या पानावर कवितेत पक्षी आणि चित्रातही तोच पक्षी. तिथे चित्रच कवितेचा खुलासा झालंय. ते पान पुन्हा कर. मन मोडेल, तरी कर.

कविता कुणी वाचत नाही याचं एक साधं कारण मला दिसतं: मोबाइलवर तुझं अक्षर मुंगीएवढं होतं. अक्षराचा जवळून घेतलेला दुसरा फोटो जोड. वाचता येईल असं करणं तुझं काम आहे, समजेल असं करणं नाही. माध्यम, कागदाचं माप, साल एवढं खाली लिही. ती माहिती झाली, खुलासा नाही.

माझ्याबद्दल तू ऐकलंच असशील, की नंतर अकरा वर्षं मी काहीच दाखवलं नाही. त्याला गर्व म्हणतात. गर्व नव्हता. एका संयोजकांनी प्रत्येक चित्रासाठी शंभर शब्द मागितले आणि मी सगळी चित्रं परत आणली. घरात अजूनही तो विषय निघतो, आणि अजूनही मी ऐकून घेत नाही. तेव्हा माझं बरोबर होतं. आज कुणी मागितले तरी हेच करीन. पण अकरा वर्षं? दोन पुरली असती. त्या काळातली काही चित्रं ओल लागून गेली, माझ्याशिवाय ती कुणी पाहिलीच नाहीत. त्यांच्यासाठी मात्र मला वाईट वाटतं. म्हणून लपव असं तुला सांगत नाहीये. तेरावं पान झालं की दाखव. चौदावं झालं की दाखव. फक्त दाखवलंस की गप्प राहा.

'याचा अर्थ काय' म्हणणाऱ्याला अगदीच काही बोलायचं असेल, तर त्यालाच विचार: तुम्हाला काय दिसलं? आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐक. मध्ये तोंड उघडू नकोस.

त्या सात ओळी आज रात्रीच काढून टाक. आजीबद्दल मला भेटशील तेव्हा सांग, हवं तेवढं सांग, मला ऐकायचंय. पण त्या विहिरीत मला माझा धाकटा भाऊ दिसला होता. तुझी पहिली ओळ वाचेपर्यंत.