विचारा की भो : कढई, कबड्डी आणि परीक्षकाची जीभ

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा आणि कॉलेजची कबड्डी, या दोन गोष्टींसाठी मी हातातलं कुठलंही काम टाकून जाऊन बसतो, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या खेपेला बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. पीककर्जाचं विचारणारे यावलचे काका, तुमचं पुढच्या अंकात नक्की, रागावू नका.

भाऊ, मी आणि माझी मुलगी मास्टरशेफचा एक एपिसोड सोडत नाही. सासूबाई म्हणतात, चव लागत नाही, वास येत नाही, मग दुसऱ्याचं जेवण बघत काय बसता? मला उत्तर सुचलं नाही. – एक वाचक, चोपडा

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना आधी हो म्हणा, निम्मं भांडण तिथंच मिटतं. चव आपल्याला कळत नाही हे खरंच आहे आणि परीक्षक डोळे मिटून मान हलवतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवण्याशिवाय आपल्या हातात काही नसतं. म्हणून मी चवीचा नाद सोडलाय, मी हात बघतो. कांदा परतताना कोण मधेच दुसरीकडं पळतंय, कोण फोडणीपाशी उभं राहतंय, आपलं आपण चाखतंय कोण आणि न चाखता थेट वाढतंय कोण. शेवटची दहा मिनिटं उरली की ओट्याकडं बघा. ज्याच्या ओट्यावर सालं, वाट्या, सांडलेलं दूध, उघडा मिक्सर असा बाजार भरलाय त्याचं पान बहुतेक वेळा घाईत वाढलं जातं, आणि ज्यानं मधेमधे फडका मारून घेतलाय तो शांतपणे कोथिंबीर निवडत असतो. हे सासूबाईंना दाखवा, त्या पण बसतील, कारण त्यांनी आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक याच हिशोबानं केलेला असणार.

रडायचं म्युझिक लागलं की मात्र मी सरळ म्यूट करतो. कुणाच्या वडिलांनी काय सोसलं ते ऐकून वाईट वाटतं, पण त्यानं वरण घट्ट होत नाही ना.

आणि एक गोष्ट मनापासून आवडते ती सांगतो. मास्टरशेफ इंडियाच्या २०१० च्या पहिल्या सीझनला जिंकल्या त्या पंकज भदौरिया लखनौच्या शाळामास्तरीण होत्या. २०२० ला ओडिशाचा अबिनाश नायक. २०२३ मधे एकाच वर्षात दोन सीझन झाले, त्यात एकदा आसाममधल्या तिनसुकियाकडचा नयनज्योती सैकिया आणि एकदा मंगळुरूचा मोहम्मद आशिक, जो आपलं ज्यूसचं दुकान चालवायचा. म्हणजे मोठ्या शहराचीच माणसं जिंकतात असं काही नाही. त्याच्यामुळंच पुढचा प्रश्न जास्त टोचतो.

दादा, आसाम जिंकतो, ओडिशा जिंकतो, मग आपल्या खान्देशी जेवणाला टीव्हीवर कोण विचारत का नाही? – एक वाचक, धुळे

या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकतो, बायको साक्षीला आहे.

आपलं जेवण घड्याळात बसत नाही हो. त्यांचं घड्याळ साठ मिनिटांचं, कधी नव्वद. आता भरीत घ्या. पहिलं म्हणजे वांगं, ते आपलं फिकट हिरवं, हातात मावत नाही असं मोठं, बामणोदकडचं मिळालं तर बघायलाच नको (जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केळीला पण त्याच वर्षी). ते भाजायचं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर. गॅसवर भाजलेलं वांगं शिजतं, पण तो धूर त्याच्यात उतरत नाही, आणि स्टुडिओत पऱ्हाट्या पेटवल्या तर आधी फायर ब्रिगेड येईल. मग साल काढून हिरवी मिरची आणि लसणाबरोबर बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात ठेचायचं, मिक्सर लावला की त्याची लापशी होते. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आता हे सगळं पांढऱ्या प्लेटमधे एवढंसं गोल थापून वर एक पान ठेवून दाखवलं तर माझी आजी म्हणाली असती, हाई भरीत शे का ठाकुरजीना नैवेद्य?

शेवभाजीची तर वेगळीच अडचण. काळ्या मसाल्याची तर्री उकळून तयार ठेवता येते, पण शेव पडायची ती ताटात घेताना, आणि पडली की लगेच खायची. आमच्या गल्लीत पाहुणा हात धुऊन बसल्याशिवाय शेवेचा डबा उघडत नाहीत. टीव्हीवर काय होतं, सगळ्यांची पानं वाढून होतात, मग एकेकाला पुढं बोलावतात, मग त्याची कहाणी, मग परीक्षक गंभीर चेहरा करून चमचा उचलतो, तोपर्यंत शेव फुगून भजं झालेली असते. त्यात रांधणाऱ्याचा काय दोष?

आणि खापरावरचे, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरचे मांडे! एकदा नीट बघा कुणी करताना. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन ती बाई नुसता फिरवत राहते, मनगटावरून कोपरापर्यंत, पोळी आपोआप वाढत जाते आणि इतकी पातळ होते की तिच्यातून बांगड्या दिसतात, आणि मग एका झटक्यात पालथ्या खापरावर. फाटली तर फाटली, सांधता येत नाही. यापेक्षा जास्त थरार मी कुठल्याच फायनलमधे बघितला नाही आणि याला बॅकग्राउंड म्युझिक पण लागत नाही, चुलीचा धूर आणि लाकडं सारणाऱ्या जाऊबाईंची बडबड तेवढी असते.

तरी अगदीच कोणी विचारत नाही असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहरांनी जळगावात एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत केलं होतं, पेपरात, टीव्हीवर सगळीकडं गाजलं. पण तो विक्रम झाला, स्पर्धा नाही. माझं म्हणणं एवढंच की एखाद्या एपिसोडला घड्याळ काढून चूल द्या आणि मग बघा नंदुरबारची एखादी आजीबाई काय करते ते.

सेलिब्रिटींचं मास्टरशेफ बघितलं का? – एक वाचक, भुसावळ

बघितलं, २०२५ चं. गौरव खन्ना जिंकला, मेहनती माणूस, चांगलं केलं. पण मी उषा नाडकर्णींसाठी बघत होतो. त्यांचा चेहरा बघून वाटायचं आता परीक्षकालाच लाटणं बसतंय. त्या गेल्यावर आमच्या घरातली निम्मी टीआरपी संपली.

सर, मी जळगावला एस. वाय. बी. एस्सी. ला आहे, कॉलेजच्या कबड्डी टीममधे आहे. आमच्या मॅचला पंचवीस-तीस पोरं असतात, त्यातली निम्मी लेक्चर चुकवायला आलेली. सगळे टीव्हीवर प्रो कबड्डी बघतात. मग आम्ही कशाला खेळायचं आणि लोकांनी आमचं कशाला बघायचं? – एक विद्यार्थी

मित्रा, पंचवीस म्हणजे गर्दी आहे. आमच्या वेळी सहा जण असायचे आणि त्यात एक कँटीनवाला, उधारी मागायला आलेला.

प्रो कबड्डी २०१४ पासूनची, मी पण बघतो, मस्त असते. पण तिथं पोचलेला गडी आपण आयता बघतो. तो घडताना बघायचा असेल तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं, त्याच्या आधी आपण पुणे विद्यापीठात होतो, आणि आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं एका मैदानावर येतात. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली पोरं बघितलीस ना, दिसायला काटक्या, आणि घोटा पकडला की सुटत नाही. तिथून विद्यापीठाची टीम, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, आणि २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स पण आहेत, पहिले भुवनेश्वरला झाले होते. म्हणजे वाट आहे. वाटेत खड्डे आहेत हे पण तितकंच खरं. आमच्या कॉलेजानं आम्हाला जर्सी दिली होती ती मॅच झाल्यावर घामासकट परत घेतली, दुसऱ्या दिवशी व्हॉलीबॉलवाल्यांना द्यायची होती, आणि प्रवासभत्ता म्हणून एसटीचं एका बाजूचं तिकीट. परत कसं यायचं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पण मी का बघतो ते सांगतो. थर्ड इयरला असताना उपांत्य सामना, आम्ही एका गुणानं मागं, शेवटची चढाई माझी. समोर सहा गडी, म्हणजे बोनसचा जादा गुण चालू. ‘निदान रेषा’ म्हणतात ती पहिली रेष ओलांडली, बोनस रेषेपलीकडं पाय टाकला आणि दम न तोडता परत आलो, हात वर करून नाचत. पंचांनी बोनस दिला नाही. मी मैदानात बसून घेतलं, ओरडलो, नको ते बोललो. मॅच गेली. सगळे पांगल्यावर ते पंच मला हाताला धरून परत रेषेपाशी घेऊन गेले, एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मातीत माझ्या मागच्या पायाच्या अंगठ्याची फरफट होती, चांगली वीतभर. मागचा पाय हवेत पाहिजे तेव्हाच बोनस, आणि माझा जमिनीवर होता. मला खरंच वाटलं होतं की तो हवेत होता.

तर माती आहे म्हणून कळलं. स्वयंपाकाच्या स्पर्धेत अशी माती नसते, परीक्षक म्हणेल मीठ कमी तर कमी. तुझ्या खेळात रेष आहे, तिच्यासाठी खेळ. आणि मला मॅचची तारीख कळव, एकतिसावा मी.

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगनला शिकतो. म्हणतो तिथं कॉलेजच्या मॅचला लाखभर लोक येतात. फेकतो का? – एक वाचक, पाचोरा

फेकत नाही हो काका. तिथल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममधे १,०७,६०१ माणसं बसतात. त्यांचं फुटबॉल म्हणजे पायाचं कमी आणि हाताचं जास्त, अंगावर चिलखत घालून एकमेकांना आपटायचं, आणि ते बहुतेक शनिवारी असतं, आपल्याकडं आठवडी बाजाराला जशी पंचक्रोशी लोटते तशी तिकडं मॅचला. गंमत म्हणजे एवढा पैसा असून २०२१ च्या जुलैपर्यंत खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरात करून चार पैसे कमवायची परवानगी नव्हती, आणि कॉलेजांनी खेळाडूंना आपल्या कमाईतला थेट वाटा द्यायला सुरुवात झाली ती २०२५ च्या जुलैपासून. म्हणजे जर्सी परत मागणारे सगळीकडंच असतात, फक्त तिकडची जर्सी महाग. पुतण्याला म्हणावं एक मॅच बघून ये आणि मोठ्या स्क्रीनपेक्षा पोरांच्या पायांकडं बघ.

काका, मी शहाद्याची, बारावीत आहे, खो-खो खेळते. आई म्हणते खेळून काय पोळ्या मिळणार, आधी पोळ्या लाटायला शीक.

बाळा, आईचं पहिलं वाक्य चूक आणि दुसरं बरोबर. पोळ्या शीक, पण तुझ्या भावाला पण शेजारी पोळपाट घेऊन बसव, मग बोलायला तोंड राहतं. आणि आईला सांग की १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या वर्ल्डकपची फायनल झाली, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं आणि कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. शिवाय राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्याला कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन आत्ताच विचारून घे, आणि प्रत्येक कागद लॅमिनेट न करता फाईलला लाव. लॅमिनेट केलं की मागचा शिक्का पुसट होतो, हे माझ्या एका मित्राला फार उशिरा कळलं.

तुम्ही एवढं बोलता, कधी स्वतः परीक्षक झालात का? – एक वाचक, अमळनेर

झालो होतो, एकदा. आणि अमळनेरहून विचारताय म्हणजे तुम्हाला माहिती आहे, मुद्दाम विचारताय.

गणपतीत आमच्या कॉलनीत भरीत स्पर्धा होती. अकरा भरितं, नाव नाही, नुसते नंबर. पहिली तीन मी अगदी टीव्हीसारखी चाखली, डोळे मिटून, मान हलवत, लोक हसले. पाचव्याला मिरचीनं जीभ पेटली. सातव्यापासून मला फक्त तिखट आणि कमी तिखट एवढंच कळत होतं, ताक मागावं तर कसंतरी वाटत होतं, परीक्षक म्हणून खुर्ची दिली होती ना. नऊ नंबर गोडसर लागला, जिभेला बरं वाटलं, दिला पहिला नंबर. चिठ्ठी उघडली तर नुकत्याच पुण्याहून बदलून आलेल्या बाईंचा, त्यांनी साखर घातली होती आणि वांगं मायक्रोवेव्हमधे. अख्खा मांडव शांत. अकरा नंबर कुणाचा होता ते मला घरी गेल्यावर कळलं, कारण रात्री ताटात तेच भरीत होतं, गार, आणि बायको म्हणाली, घ्या, आता सावकाश चाखा.

चांगलं होतं. खरंच पहिलं आलं असतं.