सेन्सर नवा असताना

मधुमेहात साखर सतत मोजणारा सेन्सर दंडावर लावल्यावर पहिले काही दिवस तो आकडा सारखा बघावासा वाटेल. बघ, पण साखर चढली की प्रत्येक वेळी इन्सुलिन टोचू नकोस. जलद इन्सुलिनचा असर साधारण 3 ते 5 तास राहतो. आधीचा डोस काम करत असतानाच दुसरा घेतलास, तर दोन्ही मिळून साखर धाडकन खाली येते. नवख्यांना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, म्हणून आधी हेच सांगते.

सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर भराभर बदलत असेल तेव्हा तो काही मिनिटं मागे असतो. आकड्यापेक्षा त्याच्या शेजारच्या बाणाची दिशा, म्हणजे साखर चढतेय की उतरतेय, बघायची सवय लाव. अंगाला घाम, थरथर आणि सेन्सर म्हणतोय सगळं ठीक? अशा वेळी बोटाला टोचून तपास. साखर 70 (mg/dL) च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घे, 15 मिनिटांनी पुन्हा बघ. रात्री सेन्सर असलेल्या दंडावर झोपलीस तर खोटा कमी आकडाही दिसतो.

पुढे नळीतून सतत इन्सुलिन देणारा पंप घेतलास तर एक मात्र पक्कं लक्षात ठेव: त्यात फक्त जलद इन्सुलिन असतं. त्यामुळे नळी अडकली की काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात तयार होणारी आम्लं) वाढू लागतात. साखर 250 च्या वर अडून बसली, तर कीटोन तपास, इन्सुलिनच्या पेनने डोस घे, नळी बदल. उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना. पेन आणि सुया कायम जवळ असू देत. आणि अलार्मने झोपमोड होत असेल तर डॉक्टरांशी बोलून मर्यादा बदलून घे, बंद करू नकोस.