पैसा जर्मनीचा, बॉम्ब फ्रान्सचा

प्रश्न (एक वाचक, चाकण) : मी इथल्या एका जर्मन मोटार कारखान्यात नोकरीला आहे. जर्मनी युरोपातला सगळ्यात श्रीमंत देश, तरी अणुबॉम्ब फ्रान्सकडे आणि सुरक्षा परिषदेतली कायमची जागाही फ्रान्सकडेच. शेजारी-शेजारी हे कसं चालतं? आता जर्मनी सैन्यावर पैसा ओततोय, तर फ्रेंचांना धाकधूक वाटत नाही का?

उत्तर : चालतं, कारण दोघांनाही ते सोयीचं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपचं एकच सैन्य उभारायचा घाट घातला होता. कल्पना फ्रान्सची, आणि १९५४ साली ती हाणून पाडली फ्रान्सच्याच संसदेने! मग पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत आला आणि स्वतःचं सैन्य उभारू लागला. मात्र अण्वस्त्रं बनवणार नाही, असं आधी लिहून देऊन. १९९० मध्ये एकीकरणाच्या करारात तेच पुन्हा लिहून घेतलं गेलं, शिवाय सैन्य ३,७०,००० च्या वर न्यायचं नाही ही अटही आली.

इथे एक गैरसमज आपल्याकडे फार आहे, की जर्मनांनी सैन्यावर कधी खर्चच केला नाही आणि नुसत्या गाड्या विकल्या. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीचं सैन्य जवळजवळ पाच लाखांचं होतं. हात आखडला तो १९९० नंतर. २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवाही थांबवली. जानेवारी २०२२ मध्ये रशियन फौजा युक्रेनच्या सीमेवर उभ्या असताना जर्मनीने देऊ केली ती ५,००० हेल्मेटं. जगभर हसं झालं.

फ्रान्सचं उलट. १९६० मध्ये सहारात पहिली अणुचाचणी केली, आणि १९७२ पासून त्यांची किमान एक अण्वस्त्रधारी पाणबुडी कायम समुद्रात असते. हा थाट सांभाळायला पैसा लागतो. नुसत्या स्वतःच्या सैन्याच्या मागणीवर लढाऊ विमानांचा कारखाना चालत नाही, म्हणून माल बाहेर विकावाच लागतो. आपण आधी ३६ राफेल घेतली आणि २०२५ मध्ये नौदलासाठी आणखी २६ चा करार केला, तो त्या कारखान्याच्या दृष्टीने केवढा आधार असेल बघा.

आता धाकधुकीचं. मी राहते स्ट्रासबुर्गला, ऱ्हाईनच्या फ्रेंच काठावर. शेजारच्या इल्कीर्शमध्ये २०१० पासून जर्मन सैन्याची एक बटालियन मुक्कामाला आहे. गणवेशातला जर्मन जवान बेकरीच्या रांगेत पुढे उभा असला, तरी कुणी मान वळवून बघत नाही. आमच्या ट्रामने पूल ओलांडला की जर्मनीतलं केल गाव लागतं. तिथे फ्रेंच मंडळी स्वस्त सिगारेटी घ्यायला गर्दी करतात. रणगाड्यांचं भय इथे कुणाला नाही.

पोटात गोळा येतो तो आकडे बघून. जर्मन अर्थव्यवस्था फ्रान्सच्या साधारण दीडपट. मार्च २०२५ मध्ये जर्मनांनी राज्यघटनेतली कर्जमर्यादा संरक्षणखर्चापुरती सैल केली, तीही मावळत्या संसदेकडून घाईघाईने, कारण नव्या संसदेत दोनतृतीयांश मतं जमली नसती. त्यांच्या आराखड्यानुसार २०२९ मध्ये संरक्षणखर्च सुमारे १५० अब्ज युरोवर जाईल. फ्रान्सने २०२७ साठी ठरवलेत ६४ अब्ज, आणि डोक्यावर वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा जास्त कर्ज. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

शिवाय जर्मनांचा पैसा फ्रेंच कारखान्यांत येईलच असंही नाही. २०२२ मध्ये त्यांनी ३५ विमानं घेतली ती अमेरिकन एफ-३५. कारण जर्मनीतल्या ब्युशेलच्या हवाई तळावर अमेरिकेचे अणुबॉम्ब आहेत आणि वेळ आलीच तर ते जर्मन वैमानिकांनी न्यायचे आहेत. म्हणजे जर्मनी बॉम्बपासून अगदीच सोवळा आहे, असंही समजू नका. दोघांनी मिळून पुढच्या पिढीचं विमान बनवायचं २०१७ मध्ये ठरलं, पण मुखत्यारी राफेल बनवणाऱ्या फ्रेंच दासो कंपनीची की जर्मनीच्या बाजूने उतरलेल्या एअरबसची, या वादात वर्षामागून वर्षं गेली. माझ्या मते फ्रान्सचं खरं दुखणं तिथे आहे. इतकी वर्षं पैसा तुमचा, पाटीलकी आमची, असं चाललं होतं. आता पैसेवाला हिशेब मागतोय.

प्रश्न (डोंबिवलीहून) : मग पोलंड एवढी शस्त्रं का घेतोय?

उत्तर : एका अंगाला बेलारूस, दुसऱ्या अंगाला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत, म्हणून. पोलंडची अर्थव्यवस्था जर्मनीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी, तरी २०२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे चार टक्क्यांहून जास्त त्यांनी संरक्षणावर घातले. हे प्रमाण नाटोत सर्वांत मोठं, आणि त्यातला बराचसा भाग कर्जाऊ. रणगाडे घेतले दक्षिण कोरियाचे, कारण ते लवकर मिळत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला आणि त्याच डिसेंबरात पहिले के-२ रणगाडे पोलंडच्या ग्दिनिया बंदरात उतरलेसुद्धा.