पांढरा वॉलपेपर? आधी भिंतीला हात लावून बघा
नवीन घराचं अभिनंदन! तिथे पांढरा वॉलपेपर स्वतः लावायचा म्हणताय, तर थोडं ऐका. घणसोली असो की ठाणे, पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आतूनही पांढरा वॉलपेपर नकोच. माझ्या खिडकीखाली पहिल्याच पावसाळ्यात पिवळट डाग उठले, मग कडेने काळी बुरशी. भिंत दमट लागली किंवा पोपडे दिसले तर आधी गळती काढा.

सुरुवात आतल्या एकाच भिंतीने करा.

- पुट्टी घासून प्रायमर माराच. पांढऱ्याखाली बारीक खडाही उठून दिसतो.
- सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या, नाहीतर जोडाजवळ छटा वेगळी दिसते.
- ५३ सेंमी रुंद, १० मीटर लांब रोल म्हणजे ५७ चौरस फूट. कापाकापी धरून ५०च मोजा.
- पहिली पट्टी ओळंब्याने (दोरीला टांगलेल्या वजनाने) सरळ उभी लावा.

डिझाइनचं नंतर बघू. बिनधास्त करा, जमेल!