फेसबुक सोडण्याआधी

प्रश्न: फेसबुक कायमचं सोडायचंय, पण फोटो आणि इतर ॲपांचं लॉगिन त्यातच अडकलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: लॉगिनपासून. सेटिंगमधल्या ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ यादीतल्या प्रत्येक ठिकाणी आधी ईमेल-पासवर्ड जोडा. नाहीतर तिथलाही प्रवेश जाऊ शकतो. (हीच पायरी लोक विसरतात.) मग माहितीची प्रत मागवा. कालावधी सुरुवातीपासूनचा, फोटोंचा दर्जा उच्च निवडा. प्रत तयार झाली की मिळणारी डाउनलोडची लिंक मोजकेच दिवस टिकते. लगेच उतरवून झिप (एकत्र बांधलेली फाइल) उघडून पाहा. शेवटी ‘निष्क्रिय’ नव्हे, ‘डिलीट’ निवडा. निर्णय 30 दिवसांत फिरवता येतो, म्हणून मोह नको असेल तर फोनमधलं ॲपही काढा. सगळं पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. मित्रांना पाठवलेले संदेश मात्र त्यांच्याकडे राहतात.