पोत्याच्या कोपऱ्यातली हळद

परवा विश्रामबागेत दिलेला तुझा लिनक्स कर्नेलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, वाचला. कोड चालतो, पण कर्नेलच्या मेमरीतली माहिती बाहेर जाण्याची गळती तशीच आहे.

आपल्या मार्केट यार्डातलं हळदीचं रिकामं पोतं न झटकता त्यात ज्वारी भरली, तर कोपऱ्यातली हळद ज्वारीला लागतेच. कर्नेलचा स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या कामाची मेमरी, तसाच. तुझ्या स्ट्रक्चरमध्ये चार बाइटचा आकडा आणि एक बाइटचा फ्लॅग. बेरीज पाच, पण आकार मोजणारं साइझऑफ आठ सांगतं. उरलेले तीन बाइट कंपायलरने अलाइनमेंटसाठी, म्हणजे आकडा मेमरीत योग्य पत्त्यावर बसावा म्हणून, पॅडिंग म्हणून सोडलेत. तू दोन्ही फील्ड भरलीस, त्या तिनांत आधीचं पडून राहिलं, आणि नेटलिंकच्या (कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या संदेशमार्गाच्या) उत्तरात आठही बाइट युजरस्पेसला, म्हणजे साध्या प्रोग्रॅमना, गेले. त्यात कर्नेलच्या पत्त्याचा किंवा कुणाच्या कीचा (गुप्त किल्लीचा) तुकडा असू शकतो. तीनच बाइट आहेत म्हणून सोडू नकोस. हवं तितक्या वेळा मागता येतात.

घोषणेतच फील्डांना किमती दिल्या तरी पॅडिंग पुसलं जाईलच असं नाही. आधी मेमसेटने सगळी जागा शून्य कर, मग फील्ड भर. हाच क्रम ठेव.

की वापरून झाल्यावर पुसताना मात्र साधा मेमसेट नको. पुढे कुणी वाचत नाही असं पाहून कंपायलर तो काढून टाकू शकतो. स्टॅकवर मेमझीरो एक्स्प्लिसिट, जे कंपायलर काढत नाही; केमॅलॉकने मागून घेतलेल्या जागेला केफ्री सेन्सिटिव्ह, जे पुसून मगच जागा सोडतं.

पाहोल हे स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं टूल चालवलंस की स्ट्रक्चरमधली भोकं दिसतील. मग क्लँग या कंपायलरने केएमसॅन (न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन) लावून कर्नेल बिल्ड कर, 6.1 पासून ते कर्नेलमध्येच आहे. आणि पॅचच्या संदेशातल्या फिक्सेस ओळीत मूळ चुकीच्या कमिटच्या (नोंदलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, किमान पहिली 12 अक्षरं घाल, म्हणजे दुरुस्ती कोणत्या जुन्या स्टेबल आवृत्त्यांना लागते ते कळेल; तिथे पोचवायला सीसी स्टेबलची ओळही लाव.